शीतकपाट, किल्ला आणि गणकयंत्र : स्वमग्नतेविषयीच्या लोकमताचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात बोलताना आम्ही एका कवीच्या उत्तरकालीन कवितेला 'ऑटिस्टिक' असे विशेषण लावले होते. ही कविता आपल्याच प्रतिमांत गुरफटलेली आहे, वाचकाशी संवाद साधण्याची गरज तिला वाटत नाही, एवढेच आम्हांला म्हणायचे होते. विशेषण श्रोत्यांना आवडले. दोघातिघांनी ते वहीत टिपूनही घेतले. चहाच्या वेळी एक प्राध्यापिका जवळ आल्या. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारले, "सर, हा शब्द तुम्ही कुठून घेतलात?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. वैद्यकातून घेतला म्हणावे, तर त्या विषयावरचे एक पानही आम्ही वाचलेले नव्हते. शब्द आला होता तो चित्रपटांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि गप्पांतून. म्हणजे जिथून आपली विज्ञानविषयक बहुतेक मते येतात तिथूनच. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

सामान्यतः असे मानले जाते की शास्त्रज्ञ शोध लावतात, शोधाची बातमी होते आणि बातमीतून लोकांचे मत बनते. स्वमग्नतेचा इतिहास पाहू जाता हा क्रम खरा वाटत नाही. शास्त्र आणि लोकमत यांच्यामध्ये एक मध्यस्थ सतत वावरताना दिसतो. त्याचे नाव रूपक. शास्त्र आपले म्हणणे बदलते, पण रूपक लोकांच्या तोंडी टिकून राहते. आणि पुष्कळदा ते रूपक घडवणाराही शास्त्रज्ञच असतो. रूपकांची छाननी हे तर साहित्याच्या अभ्यासकांचे रोजचे काम. म्हणून हा इतिहास वैद्यकाचा असला तरी त्याच्याकडे पाहण्याचा थोडा अधिकार आपल्यालाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ शब्दापासूनच करू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी घडवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः'. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला होता. बाह्य जगाकडे पाठ फिरवून आंतरिक कल्पनाविश्वात राहणे, हा त्याचा अर्थ. लहान मुलांच्या संदर्भात तो रूढ झाला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधामुळे. त्यात अकरा मुलांची वर्णने आहेत, आठ मुलगे आणि तीन मुली. वस्तुतः त्याच्या सुमारे अठरा वर्षे आधी, १९२५ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत वैद्यक विदुषीने अशाच मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. पण त्याची दखल जगाने फार उशिरा घेतली. व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांचा निबंध १९४४ चा.

कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला दाखवण्यापूर्वी त्याच्या वकील वडिलांनी कॅनर यांना तेहतीस पानी टंकलिखित पत्र पाठवले होते. मुलगा काय बोलतो, कशाने रडतो, कोणती वस्तू फिरवीत बसतो, याचा तपशील त्यात होता. एका नव्या ज्ञानशाखेचा पाया अशा रीतीने एका बापाच्या पत्रावर उभा आहे. आणि इथेच पहिली विपरीत गोष्ट घडते. अशा तपशीलवार नोंदींबद्दल आभार मानावेत, तर कॅनर यांनी त्यांतच पालकांच्या नादिष्टपणाचा पुरावा पाहिला. ही अवस्था जन्मजात असावी असा निष्कर्ष त्यांनी त्याच निबंधात काढला आहे. परंतु या मुलांच्या आईवडिलांत मनाने उबदार माणसे फार थोडी आढळली, हेही तिथेच नोंदवून ठेवले आहे. सारे पालक सुशिक्षित, बुद्धिजीवी होते. त्या काळात बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोचू शकणारे पालक दुसरे कोण असणार, हा साधा प्रश्न मागे पडला.

त्यानंतर रूपकाने ताबा घेतला. १९४९ च्या एका निबंधात कॅनर यांनी लिहिले की ही मुले जणू नीटनेटकी शीतकपाटात ठेवलेली होती आणि ते कपाट कधी वितळलेच नाही. १९४८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने गोठलेल्या मुलांची ही गोष्ट घरोघर नेली होतीच. १९६० मध्ये त्याच साप्ताहिकात कॅनर यांच्या तोंडी याच जातीचा आणखी एक शेरा आला. त्यातून 'शीतकपाट माता' हा शब्दप्रयोग रूढ झाला. कॅनर यांचा ठपका मुळात आईवडील दोघांवर होता. मग दोष एकट्या आईकडे कसा गेला? आमचे अनुमान असे की ते रूपकाच्या जागेमुळे घडले. फ्रिज ही दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन मध्यमवर्गीय घरात स्थिरावलेली वस्तू होती आणि ती उभी असे स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर आईचे, म्हणून फ्रिजही आईचा, म्हणून गारठाही आईचाच. कॅनर यांनी दुसरे एखादे यंत्र निवडले असते, तर कदाचित बापांची पिढी अपराधी ठरली असती.

या रूपकाला तत्त्वज्ञानाचा भरजरी अंगरखा चढवला तो ब्रुनो बेटेलहाइम यांनी. ते स्वतः १९३८-३९ मध्ये डाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांत कैदी होते. पुढे शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवताना त्यांनी छावणीतील हताश कैदी आणि स्वमग्न मूल यांत साम्य पाहिले. १९६७ मध्ये त्यांचा 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हा ग्रंथ आला. मूल म्हणजे रिकामा किल्ला. किल्ला म्हटला की शत्रू आलाच. आणि छावणीशी तुलना केल्यावर पहारेकऱ्याच्या जागी कोण उभे राहते, हे वेगळे सांगायला नको. बेटेलहाइम उत्तम लेखक होते. त्यांच्या प्रतिपादनाला नियंत्रित प्रयोगांचा आधार नव्हता, पण गद्य असे होते की सुशिक्षित वाचक भारावून जाई. मुलांना आईपासून दूर ठेवणे हाच उपचार आणि मानसोपचार घ्यायचे ते आईने, अशी पद्धत पडली. अगोदरच थकलेल्या बायकांना डॉक्टरांच्या खोलीत बसून, आपल्या मुलावर आपण मनातून प्रेम करीत नाही, हे कबूल करावे लागे.

हा किल्ला पाडला एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा १९५६ मध्ये जन्मला आणि स्वमग्न निघाला. रिमलँड यांनी उपलब्ध साहित्य धुंडाळून १९६४ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ही अवस्था मेंदूच्या घडणीशी निगडित आहे, आईच्या स्वभावाशी नव्हे, असे दाखवले. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६९ मध्ये तिच्या संमेलनात कॅनर यांनी जमलेल्या पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा एकबीज जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती; दहा द्विबीज जोड्यांत अशी एकही नव्हती. नमुना लहान होता, पण दिशा स्पष्ट होती आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा मोठा वाटा पक्का केला.

शास्त्राचा निकाल लागला. रूपकाचा मात्र लागला नाही. फ्रान्समध्ये मनोविश्लेषणाची ही परंपरा एकविसाव्या शतकातही चालू होती. आपल्याकडे 'शीतकपाट माता' हा शब्द कुणाला माहीत नसेल, पण ती आई मात्र ओळखीची आहे. मूल बोलत नाही? आई नोकरी करते ना, घरात बोलायला कोण आहे? दिवसभर टीव्ही लावून दिला असेल. हातात मोबाइल दिला असेल. गरोदरपणी नीट राहिली नसेल. आणि याच्या जोडीला घरातील वडीलधाऱ्यांचा धीर : मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. पहिले मत आईला दोषी ठरवते आणि दुसरे तिला तज्ज्ञाकडे जाण्यापासून थोपवते. दोन्ही मते एकाच घरात, पुष्कळदा एकाच तोंडातून निघतात. ज्या वर्षांत मुलाला मदत मिळाली असती, ती वर्षे या दोन मतांच्या मध्ये निघून जातात.

शीतकपाटानंतरचे यंत्र म्हणजे गणकयंत्र. डिसेंबर १९८८ मध्ये 'रेन मॅन' हा चित्रपट आला. डस्टिन हॉफमन यांनी रंगवलेला रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्या क्षणात मोजतो, पत्ते लक्षात ठेवतो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. पटकथाकार बॅरी मॉरो यांना ही कल्पना किम पीक या विलक्षण स्मरणशक्तीच्या गृहस्थांना भेटल्यावर सुचली. गंमत अशी की पीक यांच्या मेंदूची रचना जन्मतः वेगळी होती, पण ते स्वमग्न नव्हते, असेच नंतरच्या तज्ज्ञांचे मत पडले. अर्थात जगाने स्वमग्नतेचा जो चेहरा ओळखला, त्याचे मूळ स्वमग्नतेबाहेरचे होते.

या चित्रपटाचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाबद्दल चार लोकांना सांगताना पालकांना त्याआधी एक शब्दही हाताशी नव्हता. आता 'रेन मॅन पाहिलाय का?' असे विचारता येऊ लागले. परंतु प्रत्येक सोय आपली किंमत घेते. अशी असामान्य कौशल्ये थोड्याच स्वमग्न व्यक्तींत असतात. तरीही त्यानंतर पालकांच्या वाट्याला एक प्रश्न कायमचा आला : 'मग याला विशेष काय येते?' ज्या मुलाला काहीच 'विशेष' येत नाही, ज्याला बोलता येत नाही, कपडे घालायला मदत लागते, ते मूल लोकांच्या लेखी स्वमग्नही राहिले नाही. ते नुसतेच अडचण ठरले.

तंत्रज्ञानाच्या भरभराटीने हे रूपक आणखी चमकवले. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग, ज्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, त्यांनी १९८१ मध्ये आस्पर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. १९९४ मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेत 'आस्पर्गर विकार' दाखल झाला. २०१३ मध्ये तो वेगळा न ठेवता स्वमग्नतेच्या वर्णपटात मिसळण्यात आला. मधल्या वीस वर्षांत मात्र लोकमताने त्याचा एक नायक केला. डिसेंबर २००१ मध्ये 'वायर्ड' मासिकात सिलिकन व्हॅलीतील स्वमग्नतेवर लेख आला आणि संगणक-अभियंता व स्वमग्न यांचे समीकरण जुळले. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांची मरणोत्तर निदाने होऊ लागली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे मार्क हॅडन यांच्या २००३ च्या, कुत्र्याच्या खुनाचा शोध घेणाऱ्या मुलाच्या कादंबरीची आठवण व्हावी. त्या कादंबरीच्या संहितेत ना 'ऑटिझम' हा शब्द येतो, ना 'आस्पर्गर'. निदान केले ते वेष्टनावरच्या मजकुराने, आणि वाचकांनी व परीक्षकांनी ते संहितेचाच भाग मानले. हिंदी चित्रपटांत 'माय नेम इज खान' (२०१०) आणि 'बर्फी' (२०१२) आले. एकात निष्पाप संत, दुसऱ्यात निरागस प्रेयसी. दोन्ही चित्रपट सहृदय आहेत, यात शंका नाही. पण दोहोंतही स्वमग्न व्यक्ती ही इतरांच्या चांगुलपणाची कसोटी होऊन येते. तिला स्वतःचा कंटाळा, हट्ट, असूया क्वचितच असते. २०२५ च्या 'सितारे जमीन पर' मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि स्वमग्न व्यक्तिरेखांसाठी तशाच अभिनेत्यांना घेतले गेले. ही गोष्ट साधी दिसली तरी इतिहासाच्या दृष्टीने मोठी आहे.

'उपयुक्त स्वमग्न' या कल्पनेची काळी बाजू खुद्द आस्पर्गर यांच्या चरित्रात सापडते. विज्ञानात वा कलेत यश मिळवायला थोडीशी स्वमग्नता लागतेच, या आशयाचे त्यांचे मत पुढे फार उद्धृत झाले. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी व्हिएन्नातील कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की आस्पर्गर यांनी काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. नाझी राजवटीत त्या संस्थेत सुमारे आठशे मुले दगावली, आणि त्यांतील अनेकांना मारण्यात आले. काही मुलांच्या बुद्धीची स्तुती करणारे आणि काहींना त्या दारापर्यंत नेणारे हात एकच होते. उपयोग हाच जगण्याचा परवाना ठरला, की असे होते. 'याला विशेष काय येते?' हा दिवाणखान्यातला प्रश्न निरुपद्रवी वाटला तरी त्याचे कूळ आपण ओळखून असावे.

तिसरे रूपक यंत्राचे नाही, साथीचे आहे. १९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात व्हिक्टर लॉटर यांना दहा हजार मुलांत साडेचार स्वमग्न मुले आढळली होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा आकडा २००० सालासाठी दीडशे मुलांत एक होता. २०२२ सालासाठी तो एकतीस मुलांत एक झाला. मधल्या काळात व्याख्या रुंदावली, मुलींकडे आणि बोलक्या मुलांकडे लक्ष जाऊ लागले, तपासणी वाढली, पूर्वी ज्यांना 'मतिमंद' म्हणून नोंदवले जाई त्यांना दुसरे नाव मिळाले. वाढीचा मोठा भाग यातून उलगडतो. परंतु 'साथ' हा शब्द एकदा उच्चारला की मन कारणांचा गुंता नव्हे, जंतू शोधते.

तो पुरवला २८ फेब्रुवारी १९९८ च्या 'लॅन्सेट'मधील अँड्र्यू वेकफील्ड यांच्या निबंधाने. बारा मुले, आणि गोवर-गालगुंड-रुबेला यांच्या एकत्रित लशीवर संशय. इंग्लंडमध्ये या लसीकरणाचे प्रमाण २००३-०४ पर्यंत सुमारे ८० टक्क्यांवर घसरले. २००२ मध्ये डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणाचा फरक आढळला नाही. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून निबंधामागील आर्थिक हितसंबंध आणि नोंदींतील फेरफार उघड केले. फेब्रुवारी २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढले गेले. बारा मुलांची गोष्ट पाच लाख मुलांच्या आकड्याला भारी पडली, कारण गोष्टीला खलनायक होता आणि आकड्याला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गर्भवतींच्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवले, तेव्हा सुमारे पंचवीस लाख मुलांचा, भावंडांची तुलना करणारा आणि असा संबंध न आढळलेला स्वीडिश अभ्यास (२०२४) प्रसिद्ध होऊन वर्ष उलटले होते. इथेही बोट शेवटी कुणाकडे वळले ते पाहावे : गरोदरपणी गोळी घेतलेल्या आईकडे. शीतकपाट स्वयंपाकघरातून औषधांच्या फडताळात आले, एवढाच फरक.

या साऱ्या कोलाहलात ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते, त्यांचा आवाज फार उशिरा ऐकू आला. टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ चे. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही कल्पिलेले मूल हरवले असेल, आम्ही तर इथेच आहोत. २०१२ मध्ये स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी प्रश्नच उलटा केला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही म्हणता, पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. या भूमिकेवरही आक्षेप आहेत. ज्यांच्या मुलांना चोवीस तास मदत लागते, त्या पालकांना 'वेगळेपणाचा गौरव' ही भाषा आपल्या थकव्याची थट्टा वाटते. आम्हांला दोन्ही बाजूंत सत्य दिसते. एका शब्दाच्या छत्राखाली इतकी भिन्न आयुष्ये आणल्यावर वाद होणारच. तो वाद रूपकाने मिटवू नये. आपल्या कायद्याने तरी नुकतीच कुठे ओळख दिली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आली.

शेवटी आपल्या मराठी शब्दाकडे वळू. 'स्वमग्न' हा शब्द सुंदर आहे आणि नेमके तेच त्याचे वैगुण्य आहे. ध्यानमग्न, कार्यमग्न, आनंदमग्न. 'मग्न' म्हटले की त्यात राजीखुशीने बुडणे आले, सुख आले. मराठी समीक्षेने तर 'आत्ममग्न' हे दूषण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. म्हणजे हे मूल बोलत नाही कारण त्याला आपल्यातच गोडी वाटते, असे शब्दच सुचवून जातो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात ते याच्या उलट आहे : जग त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे नव्हे, ते फार मोठ्याने पोचते. मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची थरथर, शर्टाच्या कॉलरमागचे लेबल. कानांवर हात ठेवणारे मूल स्वतःत बुडालेले नसते. ते जगाच्या लोंढ्यात तग धरून असते. आज पुष्कळ मराठी पालक 'ऑटिझम' हाच शब्द वापरतात, तो भाषेच्या आळसामुळे नव्हे. परका शब्द आपल्या कानाला काहीच सुचवीत नाही, आणि कधीकधी तेच बरे असते.

त्या चर्चासत्रातील निबंध पुढे आमच्या संग्रहात आला, तेव्हा ते विशेषण आम्ही काढून टाकले. त्याजागी काय घालावे हे बराच वेळ सुचेना. अखेर जे म्हणायचे होते ते सरळ तीन वाक्यांत लिहिले : कवितेतील प्रतिमा कोणत्या, त्या कशा पुनरावृत्त होतात आणि वाचक कुठे बाहेर राहतो. लिहिल्यावर लक्षात आले की विशेषण वापरले होते तेव्हा यांतले काहीच आम्ही नीट पाहिले नव्हते.